खर्डीहून पायधुनीला

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १०७ किलोमीटर अंतरावर खर्डी हे स्थानक आहे. शहापूर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आला; पुढे थळ घाट चढून इगतपुरीला जाण्यास त्याला आणखी चार वर्षे लागली. रेल्वे आणि आग्रा रोड या दोहोंच्या आधाराने घाटाखालच्या या पट्ट्यात व्यापारी कुटुंबे स्थिरावली. येथून भात आणि रानातला माल मुंबईकडे जाई. मुंबईहून कापड, मीठ, तेल, गूळ इकडे येई. आता रानातला माल फारसा उरला नाही आणि कापड घ्यायला लोक थेट कल्याण गाठतात. तरीही आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांचा मीठ-मिरचीचा संसार आजही खर्डीच्या पेठेवरच चालतो.

या पेठेत तीन पिढ्यांपासून किराणा व भुसार मालाचे दुकान चालवणारे एक गृहस्थ अक्षय तृतीयेनंतरच्या शनिवारी दोन दिवसांसाठी मुंबईला निघाले. निमित्त दुहेरी होते. पायधुनीला राहणाऱ्या बालमित्राच्या पत्नीचे वर्षीतप पूर्ण झाले होते. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे झाले, त्या दिवशी लग्नसराईच्या मालामुळे शेठजींना दुकान सोडता आले नव्हते. निदान आठवड्याच्या आत जाऊन शाता विचारावी, हा एक हेतू. दुसरा हेतू पिशवीतल्या कागदात होता. दुकानाच्या जागेला ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने बरी किंमत देऊ केली होती आणि होकार की नकार हे सोमवारपर्यंत कळवायचे होते. मुलगा मुलुंडला नोकरीत रमलेला. तो गल्ल्यावर बसण्यासाठी परत येणार नाही, हे उघडच होते. मित्राने फोनवर सांगितले होते, “कागद घेऊन ये. समोरासमोर बसून बोलू.”

या दोघांच्या घरची भाषा मारवाडी. पण एकमेकांशी बोलताना ते मराठीच बोलतात. मैत्री जिल्हा परिषदेच्या शाळेत जमली, तिची भाषा तीच राहिली. एकाने अठराव्या वर्षी गाव सोडून मंगलदास मार्केटमधल्या कापडाच्या पेढीवर नोकरी धरली आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला. दुसरा वडिलांच्या गादीवर बसला. चाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी एकाला ‘मुंबईकर’ आणि दुसऱ्याला ‘खर्डीकर’ म्हणण्याची परस्परांतली थट्टा अजून जुनी झालेली नाही.

खर्डीच्या दुकानात ऋतू मालावरून ओळखता येतो. आषाढात ताडपत्री आणि प्लास्टिकचे कागद, दिवाळीला तेल-साखर, आणि चैत्र-वैशाखात दारापुढे निळी पिंपे, डबे, हंडे आणि दोराची वेटोळी. त्यातही दोर हे सर्वांत खरे माप. फाल्गुनात वीस हात दोर नेणारी बाई वैशाखात तीस हात मागू लागली, की तिच्या पाड्याची विहीर किती खाली गेली हे पंचनाम्याशिवाय समजते. दोराची विक्री वाढली म्हणून आनंद मानावा, असे या व्यापाऱ्याला कधी वाटले नाही. मात्र दोर ठेवायचे थांबवावे असेही वाटले नाही. व्यापाराला ही दोन्ही सत्ये एकाच वहीत लिहावी लागतात.

नवख्या माणसाला ही टंचाई खरी वाटणार नाही. कारण शहापूर तालुका म्हणजे मुंबईच्या पाण्याचे कोठार. महानगराला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यांत एकट्या भातसाचा वाटा सुमारे ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मा. तानसाचा आणखी दहावा हिस्सा. हे दोन्ही याच तालुक्यातले. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. वैतरणेवरचा मोडक सागर १९५७ चा, मध्य वैतरणा २०१४ चा. तानसा-वैतरणेचे पाणी उतारानेच, पंपाशिवाय, मोठमोठ्या जलवाहिन्यांतून शहरापर्यंत पोहोचते. इंग्रज अभियंत्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या आपल्या अभियंत्यांनी केलेला हा हिशेब नमुनेदारच म्हणावा लागेल.

पण तोच उतार पाड्यांच्या विरुद्ध जातो. वस्त्या उंचावर, जलाशय खाली. खाली भरलेले पाणी वर चढवायचे तर पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचे बिल भरायला ग्रामपंचायतीत पैसा हवा. काळ्या कातळाची जमीन पावसाळ्यात कोसळलेले पाणी धरून ठेवत नाही. विहिरी फाल्गुन-चैत्रात तळ दाखवू लागतात. मग टँकर सुरू होतात. भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने तालुक्यातील गावपाड्यांना पाणी आणण्याची योजना आखली गेली आहे. तिची वाट पाहण्यात कित्येक उन्हाळे गेले आहेत.

शनिवारी दुपारी दुकानाची फळी लावून शेठजी लोकलमध्ये बसले. पिशवीत पाडाला आलेले गावठी आंबे, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणि तो कागद. परतीच्या दिशेने मुंबईची गर्दी अंगावर येते, पण शनिवारी दुपारी मुंबईकडे जाणारी कसारा लोकल निवांत असते. आसनगावला शहापूरचे लोक चढले, वासिंदला भाजीच्या पाट्या. खडवलीजवळ भातसा नदी दिसते. भर वैशाखातही तिला पाणी होते आणि शहरातून आलेली तरुण मंडळी त्यात डुंबत होती. हे पाणी नदीचे खरे, पण नदीच्या मनाचे नव्हे. धरणातून ते मोजून सोडले जाते, पुढे पिसे येथे उपसले जाते आणि शुद्ध होऊन मुंबईच्या नळांना जाते. खर्डीचा प्रवासी आणि खर्डीच्या बाजूचे पाणी एकाच दिशेने निघाले होते. फरक इतकाच, की पाण्याला परतीचे तिकीट नसते.

मुंबईत उतरल्यावर टॅक्सी न करता चालत जायचे, ही त्यांची वडिलांपासूनची रीत. महात्मा फुले मंडई, जिला सारे जण अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, ती ओलांडली की अब्दुल रहमान स्ट्रीट सुरू होते. वह्या, पेने, पिशव्या, खेळणी, घड्याळे, छत्र्या. माल दुकानातून फुटपाथवर आणि फुटपाथवरून रस्त्यावर आलेला. डोक्यावर गठ्ठे घेतलेले पाटीवाले ‘बाजू, बाजू’ करीत वाट काढतात, हातगाडीच्या दांड्याला टेकून कोणी फोनवर भाव ठरवतो, आणि एवढ्या कोलाहलात एखादा वृद्ध दुकानदार गादीवर बसून शांतपणे माळ फिरवीत असतो. टोकियो, बँकॉक, हाँगकाँग येथील गजबजलेल्या पेठांची वर्णने आपण हौसेने वाचतो. आशियातल्या कोणत्याही महानगराच्या तोडीस तोड असलेली ही पेठ मात्र खर्डीकराला अडीच तासांवर आणि लोकलच्या तिकिटात मिळते.

वडिलांच्या काळी खर्डीचा भुसार व्यापारी खरेदीला मस्जिद स्थानकाजवळच्या दाणाबंदरात येई. पुढे तो घाऊक व्यापार वाशीच्या बाजार समितीत गेला. शेठजींना लहानपणी वडिलांबरोबर इथे आल्याचे आठवते ते धान्याच्या वासावरून. आता गल्लीत तो वास नाही, पण पाय अजून त्या दिशेने वळू पाहतात.

अब्दुल रहमान स्ट्रीट संपते तिथे पायधुनी. मुंबई सात बेटांची होती तेव्हा येथे खाडीचे पाणी शिरत असे. ओहोटीला चिखलातून पलीकडून आलेला माणूस येथे पाय धुऊन शहरात प्रवेश करी, म्हणून हे नाव, अशी परंपरा सांगितली जाते. खाडी बुजली, नाव उरले. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक यांचेही तसेच. तलाव गेले आणि बसथांब्यांच्या पाट्यांवर राहिले. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने आले, १८७९ मध्ये तुळशीचे, मग तानसाचे. नळ आल्यावर तलावांची गरज संपली; मलेरियाच्या भीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक विहिरीही बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. दूरचे पाणी मिळाले की जवळचे पाणी निरुपयोगी ठरते, हा या शहराचा जुना अनुभव आहे.

मित्राचे घर गोडीजी पार्श्वनाथ मंदिरापासून चार पावलांवर, जुन्या पागडीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिन्याचे कठडे हातांनी गुळगुळीत झालेले. दार उघडताच मित्र म्हणाला, “या खर्डीकर! दोन मजल्यांवर दम खाल्लास की नाही?”

“एकावरच खाल्ला. दुसऱ्यावर तुझ्या शेजाऱ्याने ओळखले, म्हणून उभा राहिलो.”

भाभी कृश झाल्या होत्या, पण चेहऱ्यावर तेज होते. शाता विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, “भाईसाब, उपवासाचे काही वाटले नाही. बियासणेच्या दिवशी काय करायचे, हाच रोजचा प्रश्न!” तेरा महिने एक दिवसाआड उपवास, त्या दिवशी फक्त उकळलेले पाणी आणि तेही सूर्यास्तापर्यंत. स्वयंपाकघरात पाणी उकळण्याचे पितळी भांडे आणि ते गार करण्याची रुंद परात अजून जागच्या जागी होती. भाभी म्हणाल्या, “पाणी किती लागते, हे मला या वर्षात कळले. दिवसभराचे सगळे पाणी एका कळशीत मावते.” खर्डीच्या पाड्यावरच्या बाईलाही हे ठाऊक असते, असे शेठजींच्या मनात आले, पण तिने ते पच्चक्खाण घेऊन शिकलेले नसते. ते बोलले मात्र नाहीत. तपाच्या घरी असे बोलणे बरे दिसले नसते.

सूर्यास्तापूर्वी जेवणे झाली, चौविहार झाला. मग दोघे मित्र पाय मोकळे करायला निघाले. गोडीजींचे दर्शन घेतले. १८१२ मध्ये स्थापन झालेल्या या मंदिराला २०१२ मध्ये दोनशे वर्षे झाली. घोघारीपासून गोडवाडीपर्यंत नाना प्रांतांतून पोट भरायला आलेल्या आपल्या लोकांनी मुंबईत प्रथम जेथे आधार शोधला, त्यांपैकी हे एक ठिकाण. तिथून मोहम्मद अली रोड ओलांडून ते नरशी नाथा स्ट्रीटने भातबाजारात गेले. तेथे केशवजी नायक यांची प्याऊ उभी आहे. हे कच्छी जैन व्यापारी. शत्रुंजयावरची केशवजी नायक टूक यात्रेला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. त्यांनी १८७६ मध्ये बाजारातल्या हमालांसाठी, वाटसरूंसाठी ही कोरीव दगडी प्याऊ बांधली. अलीकडे तिचा जीर्णोद्धारही झाला आहे.

१८७६ म्हणजे तानसाच्या सोळा वर्षे आधी. शहरात पाणी तेव्हा अपुरेच होते. ज्याच्याकडे पैसा आला, त्याने भर बाजारात प्याऊ बांधावी, असा तो काळ होता. आज त्याच बाजारात पाण्याच्या बाटल्यांची खोकी हातगाडीवरून जाताना दिसतात. दोघेही चौविहार केलेले, त्यामुळे प्याऊपुढे उभे राहून पाणी न पिताच परतले.

मूळ विषय निघाला तो तेथेच, एका बंद दुकानाच्या पायरीवर.

मित्र म्हणाला, “दे ते दुकान. बस झाले आता. वयाच्या पासष्टीला पोती मोजत बसायचे का? भाव चांगला आहे.”

“भाव चांगला आहे, मी नाही कुठे म्हणतो?”

“मग?”

“आता ज्येष्ठ लागेल. पावसाळ्याची बेगमी भरायला लोक येतील. शंभरावर खाती उधारीची आहेत. भात निघाल्यावर देतात, कोणी वीटभट्टीवरून आल्यावर देतात. आता दुकान बंद केले तर चार महिने त्यांना कोण देणार?”

“तू नाहीस तर दुसरा बसेल. बाजार कोणासाठी थांबत नाही.”

“बसेल. पण तो मोबाइलची दुकान टाकणार आहे. तांदूळ-मीठ उधार देणार नाही.”

मित्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “आणि तुझी येणी?”

शेठजी हसले. “तीही आहेतच.”

येथे खर्डीच्या व्यापाऱ्याला संत ठरवण्याचे कारण नाही. उधारीच्या भावात रोखीपेक्षा थोडी चढ असते, हे घेणाऱ्यालाही माहीत असते आणि देणाऱ्यालाही. बँकेचे कर्ज ज्याच्या सात-बाऱ्यावर मिळत नाही, कारण सात-बाराच नाही, त्याला पेठेतली वहीच पत पुरवते. तिचा दर कधी जाचक असतो, कधी माफक, माणसावर अवलंबून. पण ती वही एकदम मिटली, तर तिच्या जागी दुसरी काही सोय आपोआप उभी राहत नाही, हेही तितकेच खरे.

मग मित्राने स्वतःची गोष्ट काढली. इमारत पुनर्विकासात जाणार होती. संमतीपत्र त्याच्या कपाटात सही न होता दोन महिने पडून होते. सही केली की काही वर्षे भाड्याच्या घरात, बहुधा दूर उपनगरात, जायचे. “तिथे लिफ्ट असेल, चोवीस तास पाणी असेल,” तो म्हणाला. “पण पहाटे उठून चार पावलांवर गोडीजी नसेल. ही तप करते ती या शेजाराच्या जोरावर. मी तुला सांगतोय दुकान सोड; आणि माझी सही होत नाही.”

रविवारी पहाटे साडेपाचला घरातल्या नळाने खरखर केली आणि इमारत जागी झाली. पाणी तास-दीड तासच येते. पिंपे, बादल्या, कळशा भरण्याची एकच घाई उडाली. मित्राची सून नळाला पातळ कापडाचे गाळणे बांधून पाणी भरत होती, कापडात राहिलेले जिवाणीचे पाणी जपून वेगळे ठेवत होती. पाहुण्याने न सांगता दोन बादल्या उचलून मोरीत नेल्या. “भाईसाब, तुम्ही राहू द्या,” भाभी म्हणाल्या. “आमच्याकडे हेच विकतो, उचलता येणारच,” ते म्हणाले. निळे पिंप तर हुबेहूब त्यांच्या दुकानातलेच होते. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे.

सकाळी दोघे वाळकेश्वरला बाबू अमीचंद पनालाल यांच्या आदीश्वर मंदिरात पूजेला गेले आणि तिथून हँगिंग गार्डनला. रविवारची गर्दी, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे, खाली चौपाटीचा अर्धचंद्र. मित्र या बागेत लग्नानंतर आला होता, मुलांना घेऊन आला होता, नातवंडांना घेऊन आला होता. शेठजींनी हिरवळीकडे बोट दाखवून विचारले, “याच्याखाली काय आहे?”

“काय असणार? माती.”

“पाण्याची टाकी. ब्रिटिशांच्या काळातली. इथून दक्षिण मुंबईला पाणी जाते. आपल्याकडून येते ते इथे साठते.”

मित्र हिरवळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “चाळीस वर्षांत मला कोणी सांगितले नाही.”

“विचारले नसशील.”

एरवी थट्टेने उत्तर आले असते. या वेळी आले नाही. थोड्या वेळाने मित्राने विचारले की शाळेमागची विहीर अजून आहे का. आहे, पण वैशाखात कोरडी असते, असे उत्तर मिळाले. तिच्यात दोघे पोहायला शिकले होते.

रविवारी संध्याकाळची कसारा लोकल शनिवारच्या दुपारसारखी निवांत नसते. कल्याणपर्यंत उभे राहून, टिटवाळ्याला बसायला जागा मिळवून, शेठजी रात्री खर्डीला उतरले. गारवा नव्हता, पण शहरातला दमटपणाही नव्हता. स्थानकाबाहेर उद्याच्या फेरीसाठी टँकर उभा होता.

सोमवारी सकाळी त्यांनी ठाण्याच्या गिऱ्हाइकाला फोन केला. दिवाळीपर्यंत जागा देता येणार नाही. नव्या वह्यांचे पूजन होईल तेव्हा विचारावे, असे कळवले. पलीकडून ‘भाव तोच राहील याची खात्री नाही’ असे उत्तर आले. तेही त्यांनी मान्य केले. मुलाला रात्री सांगायचे ठरवले, कारण त्याचे बोलणे लांबणार होते.

दुपारी मित्राचा फोन आला. संमतीपत्रावर अजून सही केलेली नाही, पण पाऊस सुरू होण्याआधी भाभींना घेऊन दोन दिवस खर्डीला येतो, असे तो म्हणाला. मग म्हणाला, “आमच्यासाठी वेगळे पाणी भरू नकोस. असेल त्यात भागवू.”

बोलणे चालू असतानाच विहीगावकडची एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिला पंधरा किलो तांदूळ, मीठ आणि दोर हवा होता. शेठजींनी फोन खांद्यावर धरून हातांनी दोर मोजायला सुरुवात केली. तीस हातांवर ते थांबले. बाईने मान हलवली आणि अजून पाच हात मागितले.